बिघाड शोधताना

यंत्र बंद पडले की त्याच्याविषयी दोन निर्णय फार त्वरेने दिले जातात. पहिला, 'याचे आयुष्य संपले'. दुसरा, 'अमुक भाग नवा घाला'. दोहोंत एक सोय असते. बिघाड नेमका कोठे आहे हे शोधण्याचा शीण वाचतो. शोधाला वेळ लागतो, हात काळे होतात, कंबर धरते, आणि अखेरीस जे हाती लागते ते पुष्कळदा इतके क्षुल्लक असते की त्यापायी एवढा खटाटोप केला हे सांगण्याचीही लाज वाटावी. तरीही हा शोध घेण्याजोगा आहे, असे आम्ही अनुभवान्ती म्हणू लागलो आहोत.

प्रस्तुत लेखातील 'आम्ही' म्हणजे एका आईचे तीन मुलगे. लिहिणारा हात एकाचा असला तरी जे लिहिले आहे ते तिघांनी मिळून पाहिले, तिघांनी मिळून निस्तरले. तेव्हा एकवचनात लिहिणे योग्य ठरणार नाही.

आमच्या वडिलांची मोटार म्हणजे १९५४ सालची मॉरिस मायनर. वसईच्या बागायतीत, केळी आणि नारळांच्या मधून गेलेल्या अरुंद रस्त्याला शोभेल अशी ही बुटकी, गोलसर गाडी. हिचा शिल्पकार ॲलेक इसिगोनिस. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि १९६० साल संपता संपता तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. एवढी संख्या गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. याच इसिगोनिसने पुढे १९५९ साली जगाला 'मिनी' दिली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर 'बेबी हिंदुस्थान' या नावाने काही काळ बाजारात आणली होती. आमची गाडी मात्र थेट विलायती. समोरची काच मधोमध दुभागलेली, ८०३ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, आणि वळताना दोन्ही दारांमागच्या खांबांतून बाहेर येणारे, आतून उजळणारे इवले बाण. लहानपणी हे बाण बाहेर काढून दाखवण्यासाठी आम्ही वडिलांच्या किती विनवण्या करीत असू!

१९६६ साली वडिलांनी ती वांद्र्याच्या एका पारशी गृहस्थांकडून विकत घेतली. त्या काळी आमच्या आळीत दुसरी मोटार नव्हती. साहजिकच ती केवळ आमची राहिली नाही. नवरी चर्चला न्यायची, अडलेली बाई इस्पितळात पोहोचवायची, परगावाहून येणाऱ्या पाहुण्याला स्टेशनावरून आणायचे, ही सारी कामे तिच्याकडे आपसूक आली. रात्री दोन वाजता दारावर थाप पडली की वडील विजेरी घेऊन उठत. पाठोपाठ आई उठे, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ओट्यावर उभी राही.

वडील २०१० साली गेले. त्याआधी काही महिन्यांपासूनच गाडी सुरू होईनाशी झाली होती. पडवीशेजारच्या छपराखाली ती तेरा वर्षे उभी राहिली. २०२३ साली आम्ही भावांनी घराची आणि अंगणाची वाटणी करायचे ठरवले. वाटणी सामोपचाराची होती, भांडण नव्हते. पण मोजणीत असे निघाले की मधली भिंत नेमकी त्या छपराखालून जाते. गाडी हलवल्याखेरीज पाया खणता येईना. थोरल्याने भंगारवाल्याला बोलावले. त्याने चाके दाबून पाहिली, दार उघडून मिटले आणि वजनावर भाव सांगितला. गाडी जेमतेम साडेसातशे किलोची. रक्कम ती काय येणार! तरी धाकटा होकार देण्याच्या बेतात होता, मधल्याला ते सोसवत नव्हते, आणि वाटणीच्या सबंध व्यवहारात जो शब्दाला शब्द लागला नव्हता तो आता लागू लागला.

आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची. ती ओट्यावरून एवढेच म्हणाली, "तिला काय झालंय ते तरी बघा रे. मग काय ते ठरवा."

तिच्या शब्दाखातर आम्ही पापडीच्या एका जुन्या वायरमनना बोलावून आणले. त्यांना सारा परिसर 'मामा' म्हणतो. वय ऐंशीच्या घरात. डायनॅमोच्या गाड्यांवर हात बसलेले असे कारागीर आता विरळाच. त्यांनी येताना आणले ते एक मीटर, एक जाड वायर, दोन पाने आणि रॉकेलची बाटली. नवा भाग एकही नाही.

कामाला आरंभ करण्यापूर्वी त्यांनी आम्हांला समोर बसवून गाडीतल्या विजेचा संसार समजावून दिला. तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते, कारण एकदा हा संसार कळला की पुढले सारे शोध त्यातूनच उलगडत जातात.

डायनॅमो हा घरातला कमावता. इंजिन फिरले की पट्ट्याने तो फिरतो आणि वीज निर्माण करतो. त्याची कमाई बेताची, फार तर वीसेक अँपिअर. तीही इंजिन चांगले फिरत असेल तरच. बॅटरी म्हणजे घरची शिल्लक. आणि सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, हा सणावाराचा खर्च: काही सेकंदांचाच, पण त्या सेकंदांत शंभराहून अधिक अँपिअर ओढून नेणारा. कमावता आणि शिल्लक यांच्या मध्ये एक काळी पेटी असते. तिच्यात दोन यंत्रणा. एक कट-आऊट, हा द्वारपाल. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला की दार उघडतो आणि खाली आला की मिटतो, नाहीतर शिल्लक उलट वाहून डायनॅमोतच जिरून जाईल. दुसरा रेग्युलेटर, बॅटरी भरली की कमाईला आवर घालणारा. गाडी सुरू होत नाही, याचा अर्थ या चौघांपैकी कोणी बिघडले आहे किंवा त्यांना जोडणारी वाट कोठेतरी तुटली आहे. "माणसं बिघडतात त्यापेक्षा वाटाच जास्त बिघडतात," मामा म्हणाले आणि बॉनेट उघडले.

तेरा वर्षे निपचित पडलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारणे धोक्याचे, म्हणून प्रथम चारही प्लग काढून सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडले आणि दुसऱ्या दिवशी हँडलने इंजिन हलके फिरवून पाहिले. ते फिरले. टाकीतले जुने पेट्रोल काढले, कार्बोरेटर धुतला. हा भाग कोणत्याही उभ्या राहिलेल्या गाडीला लागू असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही.

मग मामा जुन्या बॅटरीपाशी थबकले. ती कधीच निकामी झालेली होती. पण ती काढण्याआधी ते तिच्या टोकांकडे बराच वेळ पाहत राहिले. बॅटरीची दोन टोके सारखी नसतात. धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते, आणि त्यांवर बसणारी टर्मिनलेही त्याच मापाची असतात. आमच्या गाडीत बॉडीला जाणाऱ्या तारेचे टर्मिनल ऋण टोकावर बसवलेले होते आणि ते सैल पडते म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी ठोकली होती. दुसरे टर्मिनल उलट फाकवून बसवलेले. मामांनी पट्टी उपसून आमच्या हातावर ठेवली. "हे टोपण या डोक्याचं नाही. या गाडीचं धन टोक बॉडीला असायला हवं."

आजच्या मोटारींत ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. म्हणून नव्या काळच्या कारागिराचा हात सवयीने तसाच वळतो. परंतु त्या जमान्यातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्या धन टोक बॉडीला जोडून बनवलेल्या असत. मायनर त्यांपैकीच. बॅटरी उलटी जोडली तरी दिवे लागतात, सेल्फही योग्य दिशेनेच फिरतो. त्यामुळे चूक डोळ्यांवर येत नाही. डायनॅमो मात्र आपल्या लोखंडात मुरलेल्या जुन्या चुंबकत्वाप्रमाणे पहिल्याच दिशेने वीज देत राहतो. आता कमावता आणि शिल्लक एकमेकांच्या विरुद्ध दिशेला! द्वारपालाने दार उघडले की दोहोंमध्ये प्रचंड प्रवाह वाहतो आणि कट-आऊटचे पॉइंट जळून जातात.

हे कोणी आणि केव्हा केले, याचा उलगडा गाडीच्या खणातच झाला. वडिलांची खर्चाची वही तेथे होती. २००९ सालच्या शेवटच्या नोंदी हात थरथरत असताना लिहिलेल्या. एका गॅरेजात गिअरबॉक्सखालचे रबर बदलले, नवी बॅटरी बसवली, असे लिहून खाली त्यांनी टिपले होते: 'गाडी आणल्यापासून लाल दिवा विझत नाही. वेग वाढवला की अधिक प्रखर होतो. चोकची तार गरम लागते. ते म्हणतात डायनॅमो गेला. मला तसे वाटत नाही.'

मामांनी ती नोंद आमच्याकडून दोनदा वाचून घेतली. डॅशबोर्डावरचा लाल दिवा एका बाजूने बॅटरीला आणि दुसऱ्या बाजूने डायनॅमोला जोडलेला असतो. चावी फिरवली की तो लागतो, इंजिनाचा वेग वाढून दोन्हीकडचा दाब सारखा झाला की विझतो. वेग वाढताना तो मंदावण्याऐवजी प्रखर होत असेल, तर दोहोंतले अंतर वाढते आहे असाच त्याचा अर्थ. उलट्या बॅटरीखेरीज असे सहसा घडत नाही. "तुमच्या वडिलांनी आजार बरोबर लिहून ठेवलाय," मामा म्हणाले. "औषध देणाऱ्यानं वाचला नाही." कोणीच काही बोलले नाही. थोरल्याने वही मिटली आणि ती खणात न ठेवता आपल्या खिशात घातली.

नवी बॅटरी आणली. मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ असेल तर अर्धी आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी समजावी. ती योग्य दिशेने जोडली. मग मामांनी एक सोपी चाचणी करून दाखवली. समोरचे मोठे दिवे लावायचे आणि सेल्फ ओढायचा. दिवे अगदी मंदावले तर बॅटरी दुबळी किंवा सेल्फ अडकलेला. पूर्ण विझले तर बॅटरीच्या टोकाशी जोड कच्चा. आणि दिवे तसेच प्रखर राहिले, पण इंजिन हलले नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा तेथून परतत नाही.

आमचे दिवे प्रखर राहिले. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. आणि चोकच्या बोंडाशी हात धरून बसलेला धाकटा एकदम हात झटकून ओरडला. तार तापली होती.

वीज जाते तशी तिला परतही यावे लागते, ही गोष्ट आपण विसरतो. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक रुंद पट्टी जोडलेली असते. सेल्फचा सारा प्रवाह तिच्यातून परततो. ती नसली तर प्रवाह मिळेल ती वाट धरतो. आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी दुसरी धातूची वाट म्हणजे चोकची बारीक तार. शंभर अँपिअरचा लोंढा त्या तारेने कसा पेलावा!

मामांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या बॉडीकडल्या टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवले आणि सेल्फ ओढायला सांगितले. येथे काटा जवळजवळ शून्यावर राहावयास हवा. अर्धा व्होल्टदेखील जास्तच. आमचा काटा नऊच्या आसपास गेला. याचा अर्थ बॅटरीचे बहुतेक सारे बळ परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. आणलेली जाड वायर त्यांनी इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये धरली. पुन्हा ओढायला सांगितले. इंजिन गर्रकन फिरले.

गाडीखाली विजेरी घेऊन गेल्यावर पट्टीची जागा दिसली. गिअरबॉक्सपाशी तिच्या बोल्टचे भोक होते, भोवती गंज न चढलेला एक स्वच्छ गोल होता. पट्टी मात्र नव्हती. रबर बदलताना ती काढली गेली आणि परत लावली गेली नाही. नव्या पट्टीला काहीशे रुपये पडले. बसवण्यापूर्वी दोन्ही जागांवरचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू उघडा केला, कारण रंगावर कसलेला बोल्ट दिसायला घट्ट असला तरी विजेला तो बंद दरवाजाच.

उरला प्रश्न डायनॅमोचा. त्याच्यावर मृत्यूचा शिक्का तर आधीच बसलेला. मामांनी प्रथम पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला; मध्यावर अर्धा इंच दबला. हे ठीक. मग डायनॅमोच्या दोन्ही तारा काढल्या, त्याची ती दोन टोके एका तुकड्याने आपसांत जोडली आणि मीटर त्या जोडाला व बॉडीला लावले. इंजिन सुरू करून वेग सावकाश वाढवायचा. काटा न थरथरता चढत गेला तर डायनॅमो निरोगी. वीस व्होल्टपुढे त्याला जाऊ द्यायचे नाही. काटा हललाच नाही तर कार्बन अडकलेले किंवा झिजलेले. एखाद्या व्होल्टवरच थांबला तर फील्डचे वेटोळे तुटलेले. चार-पाचावर रेंगाळला तर आर्मेचर गेले. आमचा काटा संथपणे चढला. चौदा, पंधरा, सोळा. मामांनी हात वर केला. तेरा वर्षे मेला म्हणून गणलेला डायनॅमो धडधाकट होता.

कट-आऊटचे पॉइंट मात्र अपेक्षेप्रमाणे काळेठिक्कर पडलेले. बॅटरीची तार काढून ठेवूनच ते बारीक पॉलिश पेपरने साफ केले आणि स्पिरिटने पुसले. डायनॅमोचे चुंबकत्व योग्य दिशेचे असल्याची खात्री म्हणून त्याच्या फील्डच्या टोकाला, तार सुटी असतानाच, बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श दिला. बारीकशी ठिणगी उडाली. तारा जोडल्या, गाडी सुरू केली. लाल दिवा लागला, वेग वाढताच फिकटला आणि विझला. बॅटरीवर मीटर धरले तर १४.२.

एखाद दिवशी सेल्फ नुसताच भिरभिरे. इंजिनाला धरत नसे. त्याच्या दांड्यावरचे सरकते दंतचक्र धुळीने चिकटले होते. ते रॉकेलने धुतले. तेल किंवा ग्रीस तेथे घालू नये. धूळ त्यावरच बसते आणि दुखणे परत येते.

एकूण खर्च बॅटरी धरून भंगाराच्या भावाच्या निम्म्याहून कमी आला. मामांनी मजुरी घेतली ती दोन दिवसांची. काम तीन दिवस चालले होते.

मध्यंतरी धाकट्याने एक सुचवले होते, आणि ते अविचाराचे नव्हते. डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवावा. इंजिन मंद चालत असतानाही तो वीज देतो, शहराच्या गर्दीत बरा पडतो. जुन्या गाड्यांचे अनेक मालक तसे करतात. मात्र त्यासाठी बॅटरीची दिशा कायमची बदलावी लागते. आम्ही विचार करून डायनॅमोच ठेवला. आमच्या गाडीला सिग्नलवर ताटकळायचे नाही; आणि जो भाग निर्दोष ठरला त्याला केवळ त्याच्यावर झालेल्या आरोपापायी काढून टाकणे बरे दिसेना.

कायद्याचीही बाजू पाहिली. २०२१ सालापासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांसाठी विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. तशी नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, नित्याच्या वापराला नाही. आम्ही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते ती साधी नोंदणी दंड भरून पुन्हा चालू करून घेतली.

भिंतीचे काय झाले, असे वाचक विचारतील. भिंत झाली. ती व्हायलाच हवी होती. तीन कुटुंबांचे तीन संसार आहेत. पण गवंड्याला सांगून छपराच्या जागी नऊ फुटांची वाट मोकळी ठेवली. छप्पर सामाईक राहिले. आई त्या वर्षीच्या डिसेंबरात नातीच्या लग्नाला त्याच गाडीतून चर्चला गेली. पुढच्या आसनावर, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. तिने वाटेत चकार शब्द काढला नाही. फक्त बावखलाच्या वळणावर, उजवीकडचा बाण बाहेर आला की नाही हे पाहायला मान वळवली.

भंगारवाल्याला बोलावणारा थोरलाच आता गाडीचा मुख्य सांभाळणारा. वडिलांची वही त्याच्याकडे आहे आणि तिच्यात नव्या नोंदी होतात. दर रविवारी अर्धा तास गाडी बाहेर काढायची, म्हणजे बॅटरीची शिल्लक भरून निघते. महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहायची. टोकांवर साचणारी पांढरट बुरशी कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीनचा हलका हात फिरवायचा. काम काढायचे झाले तर बॅटरीची बॉडीकडली तार आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. बॅटरीवर लाल रंगाने ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे: 'धन टोक बॉडीला'.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतला एक मुलगा आजोबांची बंद पडलेली जीप भंगारात काढायची म्हणून विचारायला आला. थोरल्याने त्याला भाव सांगितला नाही. मीटर आणि जाड वायर घेऊन तो त्याच्याबरोबर गेला.